ड जीवनसत्त्व आणि मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या : शेतकरी कुटुंबाने काय समजून घ्यावे?



ड जीवनसत्त्वाचे नाव आता खेडोपाडी पोहोचले आहे. गुडघे दुखले, पाठ आखडली, थकवा आला की कोणीतरी रक्त तपासून घेण्याचा सल्ला देतो. अहवालात आकडा कमी आला की ६० हजार युनिटची पुडी किंवा गोळी सुरू होते. अलीकडे त्यात आणखी एका समजाची भर पडली आहे. ड जीवनसत्त्व कमी असेल तर मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात व लकवा होतो, म्हणून ही पुडी कायम घेत राहावी, असे सांगितले जाते. या म्हणण्यात किती तथ्य आहे, ते कसे तपासले गेले आणि आपण काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे. औषधोपचाराचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो. परंतु एखादी शिफारस कोणत्या पुराव्यावर उभी आहे हे ओळखण्याची पद्धत शेतीशास्त्रात आणि वैद्यकशास्त्रात एकच आहे. म्हणून हा विषय शेतकऱ्याला अवघड नाही.

१. ड जीवनसत्त्व म्हणजे काय?

अ, ब, क या जीवनसत्त्वांसाठी आपण आहारावर अवलंबून असतो. ड जीवनसत्त्वाचे तसे नाही. ते मुख्यतः आपल्या कातडीत तयार होते. कातडीत कोलेस्टेरॉलसारखा एक पदार्थ असतो. त्यावर सूर्यप्रकाशातील २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे अतिनील किरण पडले की त्याचे ड-३ जीवनसत्त्वात रूपांतर होते. हे जीवनसत्त्व पुढे यकृतात जाते, तेथून मूत्रपिंडात जाते आणि मगच ते कार्यक्षम बनते. आतड्यातून कॅल्शियम व स्फुरद शोषून घेण्यास मदत करणे हे त्याचे मुख्य काम आहे. लहान मुलांत त्याची तीव्र कमतरता झाली तर मुडदूस होतो. मोठ्या माणसांत हाडे मऊ पडतात व स्नायू दुर्बल होतात.

या जीवनसत्त्वाच्या शोधात शेती संशोधनाचा मोठा वाटा आहे. मुडदूस बरा करणाऱ्या घटकास १९२२ मध्ये मॅकॉलम यांनी ‘ड’ हे नाव दिले. त्यानंतर अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात हॅरी स्टीनबॉक यांनी १९२४ मध्ये असे दाखवून दिले की, खाद्यावर अतिनील किरण सोडले तर त्या खाद्यात मुडदूस टाळण्याचा गुण येतो. उन्हात वाळवलेल्या चाऱ्यात ड-२ जीवनसत्त्व असते, त्याचे कारण हेच आहे.

२. मेंदूतील शेतचाऱ्या

धरणातून कालवा निघतो, कालव्याच्या वितरिका होतात, त्यातून पोटचाऱ्या आणि शेवटी शेतचाऱ्या निघतात. शरीरातील रक्तपुरवठ्याची रचनाही अशीच आहे. हृदयातून निघालेल्या मोठ्या धमनीला फाटे फुटत जातात आणि मेंदूच्या आतील भागाला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या केसासारख्या बारीक होतात. यातील बऱ्याच वाहिन्या टोकाच्या असतात. त्यांपैकी एक बंद पडली तर त्या भागाला दुसरीकडून रक्त मिळत नाही.

या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड व कडक होणे, त्या अरुंद होणे, बंद पडणे किंवा झिरपणे या सर्वांना मिळून ‘बारीक रक्तवाहिन्यांचा विकार’ म्हणतात. एमआरआय तपासणीत मेंदूच्या पांढऱ्या भागात डाग दिसतात, बारीक खळगे दिसतात, तर काही वेळा सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणा दिसतात. रक्त न पोहोचल्यामुळे होणाऱ्या लकव्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लकवे या बारीक वाहिन्या बंद पडल्याने होतात.

हा विकार पुष्कळदा गाजावाजा न करता येतो. चाल मंदावते, पाय घासत पडतात, तोल जातो, लघवीची घाई होते, हिशेब करण्यास वेळ लागतो, मन उदास राहते. घरातील माणसे ‘आता वय झाले’ असे म्हणून सोडून देतात. वय हे एक कारण आहेच. पण ज्यावर उपाय करता येतो अशा कारणांत सर्वांत मोठे कारण आहे वाढलेला रक्तदाब. त्याच्या जोडीला मधुमेह आणि तंबाखू येतात.

३. दोन्हींचा संबंध कसा जोडला गेला?

ड जीवनसत्त्वाचा संबंध हाडांपुरताच नाही, असे वाटण्यास काही आधार आहे. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरात ड जीवनसत्त्व ओळखणारी केंद्रे असतात. ही केंद्रे नसलेल्या उंदरांत रक्तदाब वाढवणाऱ्या रेनिन या द्रव्याचे प्रमाण व रक्तदाब दोन्ही वाढलेले असतात, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले.

पुढे माणसांतील निरीक्षणे आली. दक्षिण कोरियातील रुग्णांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी होते त्यांच्या मेंदूत बारीक वाहिन्यांच्या विकाराच्या खुणा जास्त आढळल्या. याउलट अमेरिकेतील एका समाजगटाच्या २०१४ मधील अभ्यासात पांढरे डाग व ड जीवनसत्त्वाची पातळी यांचा ठळक संबंध आढळला नाही. म्हणजे निरीक्षणेसुद्धा एका सुरात बोलत नाहीत. आणि जेथे संबंध आढळला तेथेही कमतरतेमुळेच विकार झाला, असे म्हणता येते का? खरा प्रश्न हा आहे.

४. पाहणी आणि प्रयोग यांतील फरक

समजा, एखाद्या तालुक्यात ठिबक सिंचन असलेल्या व नसलेल्या शंभर शेतांची पाहणी केली. ठिबकच्या शेतात उत्पादन जास्त आढळले. हा सर्व फरक ठिबकमुळेच पडला का? ज्याच्याकडे ठिबक आहे त्याच्याकडे बहुधा विहिरीला पाणी आहे, जमीन भारी आहे, वेळेवर खत घेण्यास पैसा आहे. या गोष्टींचेही श्रेय ठिबकच्या खात्यावर जमा होते. म्हणून कृषी संशोधन केंद्रावर पाहणीवरून शिफारस करीत नाहीत. एकाच जमिनीत सारखे वाफे पाडतात, कोणत्या वाफ्याला कोणती मात्रा द्यावयाची हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात, एक वाफा मात्रेशिवाय ठेवतात आणि प्रयोगाची पुनरावृत्ती करतात.

ही पद्धत इंग्लंडमधील रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रावर घडली. तेथे १९१९ मध्ये रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी तिचा पाया घातला. वैद्यकशास्त्राने ती पुढे आपलीशी केली. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी हे त्याचे सुरुवातीचे गाजलेले उदाहरण आहे. कोणत्या रुग्णास औषध द्यावयाचे हे त्या चाचणीत आधीच चिठ्ठ्यांसारख्या पद्धतीने ठरवलेले होते.

आता ड जीवनसत्त्वाकडे वळू. ज्याची चाल मंदावली, तोल जातो, तो माणूस घराबाहेर कमी पडतो. ऊन कमी मिळाले की ड जीवनसत्त्व कमी होते. लठ्ठपणा, मधुमेह व मूत्रपिंडाचे आजार यांतही ते कमी आढळते, आणि याच गोष्टी रक्तवाहिन्याही बिघडवतात. म्हणजे कमी ड जीवनसत्त्व हे आजाराचे कारण असू शकते, तसेच ते आजाराची केवळ खूणही असू शकते. पिवळे पान पाहून नत्राची कमतरता आहे असे ठरवण्यापूर्वी मुळाशी पाणी साचले आहे का हे आपण पाहतो. येथेही तेच करावयास हवे.

५. मोठ्या चाचण्यांत काय आढळले?

चिठ्ठी पद्धतीने केलेल्या तीन मोठ्या चाचण्यांची माहिती पुढे दिली आहे.

(अ) अमेरिका : ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ व्यक्ती होत्या. निम्म्यांना रोज २,००० युनिट ड-३ दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ पाहणी झाली. हृदयविकाराचा झटका, लकवा व हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू अशा घटना ड गटात ३९६ व दुसऱ्या गटात ४०९ व्यक्तींमध्ये घडल्या. हा फरक नगण्य आहे. निष्कर्ष २०१८ मध्ये जाहीर झाले.

(ब) न्यूझीलंड : सुमारे ५,१०० व्यक्तींच्या चाचणीत दरमहा १ लाख युनिट देऊनही अशा विकारांत घट झाली नाही (२०१७).

(क) ऑस्ट्रेलिया : ६० ते ८४ वयाच्या २१ हजारांहून अधिक व्यक्तींच्या चाचणीत दरमहा ६० हजार युनिट दिले गेले. हृदय-रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना थोड्या कमी दिसल्या, परंतु हा फरक योगायोगाच्या मर्यादेबाहेर आहे असे ठामपणे म्हणता येण्याइतका नव्हता (२०२३). लकव्याच्या प्रमाणात स्पष्ट फरक पडला नाही.

जन्मतःच ज्यांच्या रक्तात आनुवंशिक कारणाने ड जीवनसत्त्व कमी राहते अशा लोकांची तुलना करूनही पाहण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात बारीक वाहिन्यांच्या लकव्याशी कारण-संबंध दिसला नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. व्हायटल चाचणीतील बहुतेकांची पातळी मुळातच पुरेशी होती. माती परीक्षणात स्फुरद भरपूर असलेल्या जमिनीत आणखी सुपर फॉस्फेट टाकले तर पीक प्रतिसाद देत नाही, तसेच हे आहे. त्यामुळे तीव्र कमतरता असलेल्या माणसाने उपचार घेऊ नये, असा अर्थ या चाचण्यांतून काढू नये. त्याने हाडांसाठी व स्नायूंसाठी उपचार घेतलेच पाहिजेत. मात्र पुरेशी पातळी असताना लकवा टळेल या आशेने पुडी घेत राहण्यास आधार नाही.

६. जास्त झाले तर? जनावरांनी शिकवलेला धडा

ड जीवनसत्त्व चरबीत साठते. लघवीवाटे सहज निघून जात नाही. बोरॉनप्रमाणे त्याची कमतरता वाईट आणि अतिरेकही वाईट. याचा सर्वांत बोलका पुरावा गोठ्यातून मिळाला आहे.

अर्जेंटिनातील सखल कुरणांत ‘एन्टेके सेको’ नावाचा रोग जनावरांना होतो. जनावर खाते पण खंगत जाते, पाय आखडतात, श्वास लागतो. शवविच्छेदनात मुख्य धमनी, हृदय व फुप्फुसे यांत कॅल्शियमचे थर आढळतात. याचे कारण वांग्याच्या कुळातील, सोलॅनम वर्गातील एक झुडूप आहे. त्याच्या पानात ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप असते. युरोपातील आल्प्स पर्वतात एका जातीच्या गवतामुळे आणि अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ‘दिन का राजा’ या रातराणीच्या भाऊबंद झुडपामुळे असाच रोग आढळला. हे झुडूप आपल्याकडेही बागेत लावतात. त्याची छाटणी जनावरांपुढे टाकू नये.

तात्पर्य, रक्तवाहिन्या मऊ राहाव्यात म्हणून जे घ्यावयाचे, तेच बेसुमार घेतले तर वाहिन्या कडक करते. हेच ड-३ जीवनसत्त्व ०.०७५ टक्के प्रमाणात मिसळून अमेरिकेत उंदीर मारण्याचे आमिष तयार करतात, हेही ध्यानात ठेवावे.

आता हिशेब करा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० युनिट आहे, वृद्धांसाठी ८०० युनिट. म्हणजे ६० हजार युनिटची एक पुडी ही शंभर दिवसांची बेगमी झाली. कमतरता भरून काढण्यासाठी डॉक्टर ती सहसा आठवड्यातून एकदा आणि ठराविक आठवडेच देतात. चिठ्ठीवरील ‘आठवड्यातून एक’ हे ‘रोज एक’ असे वाचले गेले, किंवा जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने पुड्या आणल्या गेल्या, तर विषबाधा होऊ शकते. भूक मंदावणे, मळमळ, बद्धकोष्ठता, फार तहान लागणे, वारंवार लघवी, गोंधळल्यासारखे होणे ही तिची लक्षणे आहेत. मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका असतो. अशी लक्षणे दिसताच पुडी थांबवून डॉक्टरांना दाखवावे व किती पुड्या घेतल्या ते न लपवता सांगावे. जनावरांसाठी आणलेले ड जीवनसत्त्वाचे औषध घरातील माणसाने कधीही घेऊ नये.

७. रक्ततपासणीचा अहवाल कसा वाचावा?

तक्ता : रक्तातील ड जीवनसत्त्व (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर)

१२ पेक्षा कमी : तीव्र कमतरता, उपचार आवश्यक
१२ ते २० : कमी, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा
२० व अधिक : बहुतेक निरोगी माणसांस पुरेसे
१०० पेक्षा जास्त : अतिरेकाकडे वाटचाल
१५० पेक्षा जास्त : विषबाधेचा धोका

काही प्रयोगशाळा ३० पेक्षा कमी आकडा ‘अपुरा’ म्हणून छापतात. ३० ही मर्यादा सांगणाऱ्या अमेरिकेतील ग्रंथीतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये ती मागे घेतली आणि निरोगी प्रौढांनी सरसकट ही तपासणी करू नये असे सुचवले. म्हणून २४ किंवा २६ असा आकडा पाहून घाबरून जाऊ नये.

८. शेतावरच मिळणारे ड जीवनसत्त्व

(अ) ऊन : कोवळ्या उन्हात बसल्याने ड जीवनसत्त्व मिळते असा सर्वत्र समज आहे. पण सूर्य क्षितिजालगत असताना आवश्यक ते किरण वातावरणातच शोषले जातात. सोपी कसोटी अशी की, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाच कातडीत ड जीवनसत्त्व चांगले तयार होते. महाराष्ट्रात साधारणतः सकाळी ११ ते दुपारी २ ही वेळ योग्य ठरते. हिवाळ्यात तोंड, हात व पाय उघडे ठेवून अर्धा तास शेतात काम केले तरी चांगला फायदा होतो. एप्रिल-मे महिन्यांत मात्र उष्माघाताचा धोका पाहता उन्हात मुद्दाम बसू नये. काचेतून येणारे ऊन या कामी उपयोगाचे नाही. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो आणि वाढत्या वयात कातडीची क्षमता कमी होते. फवारणी करताना संरक्षक कपडे काढून ऊन घेण्याचा विचारही करू नये.

शेतात राबणाऱ्यांना ऊन मिळतेच, मग कमतरता कशी, असे कोणी विचारील. आंध्र प्रदेशातील तिरुपती परिसरात झालेल्या अभ्यासात ग्रामीण लोकांची पातळी शहरी लोकांपेक्षा चांगली होती, तरीही कमतरता असलेल्यांचे प्रमाण बरेच होते. स्त्रियांत ते अधिक होते. डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकलेले असणे आणि आहारात कॅल्शियम कमी असणे ही कारणे आपल्याकडेही लागू आहेत. घरात बसून असलेली आजी, बाळंतीण आणि तान्हे मूल यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

(ब) अळिंबी : धिंगरी किंवा बटण अळिंबीचे काप करून, कल्ल्यांची बाजू वर ठेवून, काढणीनंतर दुपारच्या उन्हात १५ ते ६० मिनिटे पसरावेत. अळिंबीतील अर्गोस्टेरॉलचे ड-२ जीवनसत्त्वात रूपांतर होते. शंभर ग्रॅम ताज्या अळिंबीत सहसा १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट किंवा त्याहून अधिक तयार होते. शाकाहारी कुटुंबांसाठी हा स्वस्त मार्ग आहे. अळिंबी उत्पादकांनीही त्याचा विचार करावा.

(क) मासे व अंडी : बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत ड जीवनसत्त्व चांगले असते. एका अंड्याच्या बलकात साधारण ४० युनिट असते.

(ड) दूध : घरच्या दुधात ड जीवनसत्त्व अत्यल्प असते. पोषणमूल्य वाढवलेल्या पिशवीतील दुधात लिटरमागे २०० ते ३०० युनिट मिसळलेले असते. घरचे दूध मात्र कॅल्शियमसाठी उत्तम आहे. नाचणीतही शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ज्वारी, बाजरी, डाळी व पालेभाज्या पौष्टिक असल्या तरी त्यांतून ड जीवनसत्त्व मिळत नाही.

९. बारीक रक्तवाहिन्यांसाठी खरा उपाय

अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ चाचणीत रक्तदाब असलेल्यांचे दोन गट केले. एका गटात वरचा रक्तदाब १४० च्या आत, दुसऱ्या गटात १२० च्या आत ठेवण्याचे ध्येय होते. सुमारे चार वर्षांनी एमआरआय तपासणी केली असता, मेंदूतील पांढरे डाग पहिल्या गटात १.४५ घन सेंटिमीटरने, तर दुसऱ्या गटात ०.९२ घन सेंटिमीटरनेच वाढलेले आढळले (२०१९). जो परिणाम ड जीवनसत्त्वाच्या पुडीने दाखवला नाही तो रक्तदाब आटोक्यात ठेवल्याने दिसला. आपला रक्तदाब किती खाली आणावयाचा हे वय व प्रकृती पाहून डॉक्टर ठरवतील.

म्हणून पुढील गोष्टी कराव्यात :

१) तिशीनंतर घरातील प्रत्येकाचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजून घ्यावा.
२) रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नये. पेरणी-काढणीच्या धांदलीतही खंड पडू देऊ नये.
३) मिठाचे प्रमाण दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत ठेवावे. लोणचे, पापड, खारवलेले पदार्थ यांतील मीठ त्यातच धरावे.
४) तंबाखू, विडी, मिश्री सोडावी.
५) मधुमेहाची तपासणी करून घ्यावी.
६) तोंड वाकडे होणे, एक हात गळून पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले तर १०८ क्रमांकावर फोन करून सर्व सोयी असलेल्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. काही मिनिटांत आपोआप बरे वाटले तरी दाखवावे.

१०. सारांश

ड जीवनसत्त्व हाडांसाठी व स्नायूंसाठी आवश्यक आहे. त्याची खरी कमतरता डॉक्टरांच्या सल्ल्याने, ठरलेल्या मात्रेत व ठरलेल्या मुदतीत भरून काढावी. कमी पातळी व बारीक रक्तवाहिन्यांचा विकार काही पाहण्यांत बरोबरीने आढळले आहेत, पण पुडी घेतल्याने हा विकार किंवा लकवा टळतो असे प्रयोगांनी सिद्ध झालेले नाही. ऊन, आहार आणि रक्तदाबाची नियमित मोजणी या तिन्ही गोष्टी गावातच मिळतात. खताची मात्रा माती परीक्षणावरून द्यावी, शेजाऱ्याचे पाहून देऊ नये, हे आपण जाणतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधाबाबतही हाच नियम पाळावा.